बाळंतिणीच्या खोलीतली वही

घरी येऊन आजाऱ्याची, म्हाताऱ्याची किंवा बाळंतिणीची सेवा करणारी व्यक्ती आपले काम नीट करते आहे, हे कशावरून ठरवायचे? रुग्णालयात निदान काही गोष्टी डोळ्यांना दिसतात. परवाना भिंतीवर लावलेला असतो, खाटांना क्रमांक असतात, परिचारिकेचे नाव नोंदवहीत असते. घरात यांतले काहीच नसते. दार बंद झाले की आत काय घडते ते घरच्यांना ठाऊक आणि सेवा करणारीला ठाऊक. घरचेही बहुधा इतके घाबरलेले असतात की चांगले काय आणि वाईट काय हे त्यांना सांगता येत नाही.

हा प्रश्न आज मोठ्या शहरांतला समजला जातो. परंतु त्याचे सर्वांत कसोशीने शोधलेले उत्तर आमच्या भागात, जुन्या चांदा जिल्ह्यातल्या जंगलगावांत, १९९३ ते २००३ या दहा वर्षांत सापडले. ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात केलेल्या घरोघरी नवजात बालसेवेच्या प्रयोगावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग ही नावे मराठी वाचकाला नवी नाहीत. मात्र बहुतेक लेखन त्यागाच्या आणि सेवेच्या अंगाने झाले आहे. मी वैद्यकाचा विद्यार्थी नाही. जिल्ह्याचे जुने कागद आणि अहवाल वाचणे हा माझा नाद आहे. त्या नादातून या प्रयोगाकडे पाहताना मला त्यात एक वेगळी गोष्ट दिसली, ती म्हणजे परक्याच्या घरात शिरून केलेल्या सेवेला शिस्त कशी लावायची याची रीत. या लेखात त्या रीतीचा इतिहास मांडायचा आहे.

१. जागा पाहणारा कायदा

महाराष्ट्रात खासगी शुश्रूषागृहांवर १९४९ च्या नोंदणी कायद्याने देखरेख होते. मुंबई प्रांताचा हा कायदा पुढे महाराष्ट्राचा झाला. त्याचे नावच शुश्रूषागृहांच्या नोंदणीचे आहे, म्हणजे तो जागा पाहतो. इमारत किती, खाटा किती, नोंदणीकृत डॉक्टर व परिचारिका किती, स्वच्छता कशी, हे तपासायला अधिकारी येऊ शकतो. घरी जाऊन दिलेली सेवा मात्र त्याच्या नजरेपलीकडे राहते, कारण तपासायला जागाच नसते.

हे आपल्याकडेच झाले असे नाही. १८५९ साली लिव्हरपूल शहरात विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याने गरिबांच्या घरी परिचारिका पाठवायला सुरुवात केली. त्याच्या मरणासन्न पत्नीची शुश्रूषा एका शिकलेल्या परिचारिकेने केली होती. तिलाच त्याने या कामावर नेमले. त्याने फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा सल्ला घेतला तेव्हा अडचण पुढे आली ती शिकलेल्या परिचारिकांची. अशा परिचारिका पुरेशा नव्हत्याच, त्यामुळे आधी त्यांना शिकवणारी शाळा काढावी लागली. घरच्या शुश्रूषेच्या इतिहासात पहिला प्रश्न असा शिक्षणाचा होता. दुसरा प्रश्न, म्हणजे शिकलेली बाई घरात एकटी असताना तिचे काम कोण पाहणार हा, तिथेही बराच काळ चांगल्या चारित्र्यावर सोडून दिला गेला.

हिंदुस्थानात १९०३ साली लेडी कर्झन यांनी दायांना शिकवण्यासाठी व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी उभारला. त्यानंतर दाई-प्रशिक्षणाच्या योजना एकामागून एक आल्या, स्वातंत्र्यानंतरही आल्या. दाईला बोलवायचे, काही दिवस शिकवायचे, एक पेटी द्यायची आणि परत पाठवायचे, हा सगळ्यांचा साचा. परत गेल्यावर तिने काय केले, तिच्या हातून किती बाळे जगली आणि किती गेली, हे विचारायला पुन्हा कोणी जात नसे.

२. कोतवालाची वही

विदर्भातल्या वाचकाला ‘कोतवाल पंजी’ हा शब्द जातीच्या दाखल्यामुळे माहीत असतो. पणजोबांच्या जन्माची नोंद शोधायला माणसे तहसिलीत खेटे घालतात ती याच वहीसाठी. मध्य प्रांतात गावचा कोतवाल जन्म आणि मृत्यू लक्षात ठेवून पोलीस ठाण्यावर सांगत असे व तिथे ते लिहून घेतले जात. ब्रिटिश काळातल्या आरोग्य अहवालांत मृत्यूच्या कारणांचे रकाने मोजकेच असत: पटकी, देवी, ताप, हगवण, अपघात आणि ‘इतर’. मलेरियाच्या मुलखात बहुतेक मरणे तापाच्या रकान्यात जात.

या पद्धतीत सर्वांत सहज गळून पडणारे माणूस म्हणजे चार दिवसांचे बाळ. बारसे झालेले नाही, नाव नाही, गावाने पाहिलेले नाही. असे बाळ गेले की ते अनेकदा जन्मातही धरले जात नसे आणि मृत्यूतही. घराच्या हिशेबात मात्र ते असे. आईला विचारले तर ती सात बाळंतपणे आणि चार मुले सांगते, वहीत पाच जन्म आणि एक मृत्यू असतो, असा हा फरक.

हा फरक इंग्रज गेल्यावर मिटला असे समजण्याचे कारण नाही. २००१ साली ‘कोवळी पानगळ’ या नावाने महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंचा अहवाल प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या क्षेत्रात घरोघर जाऊन मोजलेले मृत्यू त्यात होते आणि ते सरकारी आकड्यांपेक्षा पुष्कळ अधिक निघाले. विधिमंडळात गदारोळ झाला. त्या वादात मुलांच्या कुपोषणावर खूप बोलले गेले. परंतु अहवालाच्या मुळाशी असलेली गोष्ट साधी होती. जिथे मृत्यू लिहिलाच जात नाही तिथे सेवा चांगली की वाईट हे सांगण्याचा मार्गच उरत नाही.

३. मणी आणि वाळूची घडी

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. क्षेत्रफळ साडेचौदा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, त्यातला फार मोठा भाग जंगल. बंग पती-पत्नी वर्ध्याकडचे काम आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण आटोपून १९८६ मध्ये येथे आले.

गावातल्या साध्या माणसाला वैद्यकीय काम शिकवण्याची कल्पना त्यांच्याआधीची होती. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या स्त्रियांना आरोग्यसेविका केले होते. १९७७ मध्ये केंद्र सरकारने गावोगावी आरोग्यरक्षक नेमण्याची योजना काढली, तीही याच विचाराची. गडचिरोलीत त्यात भर पडली ती मोजमापाची.

पहिला प्रयोग लहान मुलांच्या न्यूमोनियाचा. या आजारात मुलाचा श्वास जलद होतो, म्हणून मिनिटाला किती श्वास हे मोजले की निदानाचे मोठे काम होते. पण ज्या दाईला दहाच्या पुढे मोजता येत नाही तिने पन्नास-साठ कसे मोजायचे? त्यासाठी पाटीवरच्या मण्यांसारखे एक साधन बनवले गेले. शेजारी एका मिनिटाची वाळूची घडी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी ठरलेला मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचे. बाळ दोन महिन्यांच्या आतले असेल तर मर्यादा निराळी, मोठे असेल तर निराळी.

या साधनाला मी महत्त्व देतो. दाईचा अंदाज आणि दाईचे मोजमाप यांत काय अंतर असते ते त्यात दिसते. अंदाजावर विश्वास ठेवायचा की नाही हा भरवशाचा प्रश्न असतो. मोजमाप दुसऱ्याला पुन्हा करून पाहता येते. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या प्रयोगाचे निष्कर्ष आले. ५८ गावांत गावपातळीवर उपचार झाले आणि ४४ गावांशी तुलना केली गेली. कार्यकर्त्यांनी उपचार केलेल्या न्यूमोनियाच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते, तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होते. निमवैद्यकीय कर्मचारी, गावचे आरोग्यसेवक आणि दाया यांच्या कामात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

४. एक वर्ष नुसते पाहण्याचे

न्यूमोनियाचे मृत्यू कमी झाले तरी जन्मल्यापासून २८ दिवसांच्या आतली बाळे जातच होती. बाळंतपणे जवळपास सगळी घरीच होत. बाळ पहिले दिवस आईबरोबर अंधाऱ्या खोलीत असे आणि बाहेरच्याने तिथे जाण्याची रीत नव्हती. बाळाला काय होते, ते कशाने जाते, हे डॉक्टरांनाही नीट माहीत नव्हते, कारण नवजात बालकांचे सारे ज्ञान रुग्णालयात आलेल्या बाळांवरून तयार झालेले होते.

म्हणून १९९३ ते १९९५ या काळात आधी मोजणी झाली. ३९ गावे सेवेसाठी आणि ४७ गावे तुलनेसाठी धरली गेली. गावातला नोंद करणारा वेगळा आणि ठरावीक काळाने घरोघर फिरून तपासणारा वेगळा, अशी व्यवस्था होती. नवजात मृत्युदर सेवेच्या गावांत हजार जन्मांमागे ६२ आणि तुलनेच्या गावांत ५८ निघाला.

मग गावातल्याच, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रिया निवडल्या गेल्या. त्यांना आरोग्यदूत म्हटले गेले. बाळंतपणाच्या वेळी दाईबरोबर हजर राहायचे, वजन करायचे, ताप मोजायचा, श्वास मोजायचा आणि पहिल्या महिन्यात ठरलेल्या दिवशी पुन्हा पुन्हा जाऊन बाळ पाहायचे. जे दिसेल ते छापील तक्त्यात लिहायचे. एक डॉक्टर दर पंधरा दिवसांनी गावात येऊन त्या नोंदी बाळाशी ताडून पाहत असे.

१९९५-९६ या पहिल्या वर्षात ७६३ बाळांची अशी पाहणी झाली. त्यांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज पडेल असे काही ना काही झाले. प्रत्यक्षात उपचार मिळाले ते २.६ टक्के बाळांना आणि रुग्णालयात पोहोचली फक्त तीन. चाळीस बाळे दगावली. त्यांच्या मृत्यूची कारणे नवजात बालरोगतज्ज्ञाने नोंदींवरून ठरवली तेव्हा अर्ध्याहून थोडे अधिक मृत्यू जंतुसंसर्गाचे, म्हणजे सेप्सिस किंवा न्यूमोनियाचे, साधारण पाचवा हिस्सा जन्मताच श्वास कोंडल्याचा आणि त्याखालोखाल अपुऱ्या दिवसांचे जन्म, असे चित्र समोर आले.

चाळीस हा आकडा वाचताना अस्वस्थ व्हायला होते. ज्या वहीत हे मृत्यू इतक्या बारकाईने लिहिले आहेत ती वही लिहिणारी बाई त्याच गावची होती. बाळ तिच्या नात्यातले किंवा ओळखीतले होते. तिच्या हातात अजून औषध नव्हते. हे योग्य होते का, असा प्रश्न मला अनेकदा पडला आहे. याला उत्तर एकच देता येते. कोणते औषध, कोणत्या खुणेवर आणि कोणाच्या हाती द्यायचे, हे त्या वर्षाच्या नोंदींशिवाय ठरवता आले नसते. आणि न ठरवता सुई हाती दिली असती तर पुढे मेलेल्या बाळांची नोंद कोणत्या रकान्यात गेली असती ते सांगता येत नाही.

५. सुई कोणाच्या हाती

पुढचे पाऊल सर्वांत वादाचे होते. १९९६ पासून आरोग्यदूत सेप्सिस झालेल्या बाळाला घरी जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने दुसरे प्रतिजैविक देऊ लागली. सातवी-आठवी शिकलेली बाई, मातीचे घर, दोन किलोचे बाळ आणि सुई. डॉक्टरमंडळींना हे भीतिदायक वाटले तर त्यात नवल नाही. महाराष्ट्रात नोंदणीशिवाय वैद्यकी करणाऱ्यांसाठी १९६१ चा कायदा आहे आणि खेड्यापाड्यांत प्रत्येक दुखण्याला सुई टोचणाऱ्या भोंदूंचा अनुभवही सर्वांना आहे.

भोंदूची सुई आणि आरोग्यदूताची सुई यांतला फरक पाहण्यासारखा आहे. सुई एकच, भोवतालचे नियम निराळे.

पहिला नियम निदानाचा. रडणे क्षीण होणे, दूध ओढणे मंदावणे, अंग थंड पडणे किंवा तापणे, बेंबीतून पू, पोट फुगणे, छाती आत ओढली जाणे अशा खुणांची यादी ठरलेली होती. एक खूण दिसली म्हणून सुई नाही. दोन खुणा एकाच वेळी हव्यात. बाळाचे रडणे ‘आधी चांगले होते आणि आता क्षीण झाले’ असे लिहायचे, त्यामुळे आधीच्या भेटींची नोंद असल्याशिवाय निदानच होत नसे. न भेटता बाळाला सुई देणे या व्यवस्थेत अशक्य होते.

दुसरा नियम आधी रुग्णालयाचा. आई-वडिलांना प्रथम बाळाला रुग्णालयात न्यायचा सल्ला द्यायचा. ते शक्य नसेल किंवा त्यांची तयारी नसेल तरच घरच्या उपचाराची गोष्ट काढायची, आणि तीही संमती घेऊन. त्यांना नाही म्हणायचा हक्क होता.

तिसरा नियम मर्यादेचा. आरोग्यदूताच्या पेटीत ठरावीक औषधे होती आणि ती नवजात बाळासाठीच होती. थोरल्या भावाच्या तापाला किंवा सासूच्या गुडघ्याला सुई द्यायची मुभा नव्हती. गावात असे नाही म्हणणे किती कठीण असते ते खेड्यात राहिलेल्या वाचकाला सांगायला नको.

चौथा नियम दुसऱ्या डोळ्याचा. पर्यवेक्षक नियमित येऊन तक्ते तपासत, बाळ पाहत, चुकले तर तिथेच पुन्हा करायला लावत. एकदाच शिकवून सोडून दिले नाही. शिकवणे आणि तपासणे वर्षानुवर्षे चालू राहिले.

जन्मताच श्वास न घेणाऱ्या बाळांच्या बाबतीतही असाच क्रम दिसतो. आधी तोंडाने फुंकून श्वास देणे, मग नळी व मास्क, मग हाताने दाबायची पिशवी व मास्क. प्रत्येक टप्प्यावर मृत्यू मोजले गेले आणि ज्याने अधिक बाळे वाचली ते साधन पुढे ठेवले गेले. कमी वजनाच्या बाळांसाठी मऊ झोळीसारख्या उबदार पिशव्या होत्या. यांत महागडे काही नव्हते.

६. आकडे आणि त्यांवरचे आक्षेप

डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. १९९७-९८ मध्ये सेवेच्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ५९.६ होता. आधीच्या दरांचा हिशेब धरून घट ६२ टक्के. सेप्सिस झालेल्या बाळांत मृत्यूचे प्रमाण उपचार सुरू होण्याआधी १६.६ टक्के होते, नंतर २.८ टक्के झाले. एका बाळामागे खर्च साधारण ५.३ अमेरिकी डॉलर आला आणि अशा १८ बाळांच्या सेवेमागे एक मृत्यू टळला. २००३ पर्यंतच्या दहा वर्षांच्या नोंदी पुढे २००५ मध्ये प्रसिद्ध झाल्या तेव्हा घट ७० टक्क्यांपर्यंत पोहोचलेली होती.

यावर आक्षेप घेतले गेले आणि ते नोंदवले पाहिजेत. गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, म्हणून दोन्ही गटांत आधीपासून काही फरक असू शकतो. बाळांची संख्या मोठी नव्हती. प्रयोग करणारी संस्था असामान्य निष्ठेची होती. सरकारी यंत्रणेकडून हे कसे व्हावे? आणि तुलनेच्या ४७ गावांचे काय? तिथे नेहमीची सरकारी सेवा चालू होती, पण शेजारच्या गावात बाळे वाचत असताना इथे दर हजारी साठ जात राहिली. वैद्यकीय संशोधनात ही अडचण जुनी आहे. ती गडचिरोलीतही होती आणि केवळ निकाल चांगला आला म्हणून ती नाहीशी होत नाही.

पहिल्या काही आक्षेपांना वेळेने उत्तर दिले. महाराष्ट्रातल्या सात संस्थांनी ‘अंकुर’ प्रकल्पात खेडी, आदिवासी पाडे आणि नागपूरच्या झोपडपट्ट्यांत हीच पद्धत वापरली, तिथेही नवजात मृत्यू निम्म्यावर आले. बांगलादेशात सिल्हेट जिल्ह्यात गावे चिठ्ठ्यांनी निवडून प्रयोग झाला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निकालात घरच्या सेवेने मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. घट गडचिरोलीपेक्षा कमी असली तरी दिशा तीच. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी एकत्र निवेदन काढून नवजात बाळाच्या घरी भेटी देण्याची शिफारस केली.

७. सरकारने काय घेतले, काय सोडले

२०११ मध्ये केंद्र सरकारने ही पद्धत देशभर लागू केली. ‘आशा’ कार्यकर्तीने रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी द्यायच्या. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक. वजनकाटा, तापमापक, घड्याळ, तक्ता हे सगळे गडचिरोलीच्या पेटीतले. जंगलातल्या ३९ गावांतली रीत देशभरच्या आशांच्या हाती जाणे ही लहान गोष्ट नव्हे. त्या भेटींमुळे वेळेवर दवाखान्यात पोहोचलेली बाळे आमच्या दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव आहेत.

मात्र सुई घेतली नाही. आशाने खूण ओळखायची आणि बाळ पाठवायचे. २०१४ च्या सूचनांनी विशिष्ट परिस्थितीत जेंटामायसिन देण्याची मुभा मिळाली ती उपकेंद्रातल्या एएनएमला. जिथे रस्ता आणि रुग्णवाहिका आहे तिथे हे ठीकच. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. तिथल्या पलीकडच्या गावात ‘बाळ पाठवा’ या सूचनेचा अर्थ काय होतो ते वेगळे सांगायला नको.

माझ्या मते सुईपेक्षाही मोठी गोष्ट दुसरी सुटली. २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत आशाला एका बाळामागे अडीचशे रुपये ठरले आणि त्यासाठी अटी घातल्या: वजनाची नोंद, लसीकरण, जन्मनोंदणी आणि बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई व बाळ दोघेही सुखरूप असणे. शेवटची अट पुन्हा वाचावी. अट घालणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल. पण तिचा अर्थ असा निघतो की बाळ गेले तर भेटी फुकट. सर्वांत जास्त धावपळ ज्या बाळासाठी करावी लागते, रात्री उठून जावे लागते, त्याच बाळाचा मोबदला बुडण्याची शक्यता सर्वाधिक. आणि मृत्यू लिहिणाऱ्या हाताला त्या मृत्यूचा तोटा लावला की वहीचे काय होते, हे कोतवालाच्या काळापासून आपल्याला ठाऊक आहे.

गडचिरोलीच्या प्रयोगात आरोग्यदूताने बाळाचा मृत्यू लिहिला तर तो दोष म्हणून धरला जात नव्हता. त्यावर सारा अभ्यास उभा होता. लपवलेला मृत्यू हाच तिथे दोष ठरला असता. सरकारी व्यवस्थेत भेटी आल्या, तक्ते आले. परंतु पंधरा दिवसांनी येऊन बाळाशी तक्ता ताडणारा माणूस पुरेसा आला नाही. सही झालेला तक्ता आणि झालेली भेट या दोन गोष्टी एकच धरल्या जाऊ लागल्या.

८. आजची घरे

एनएफएचएस-५ नुसार महाराष्ट्रातली ९४ टक्क्यांहून अधिक बाळंतपणे आता संस्थांत होतात. त्यामुळे बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीची गोष्ट इतिहासजमा झाली असे वाटू शकते. पण दोन-तीन दिवसांनी बाळ घरीच येते आणि पहिला महिना घरीच काढते.

दुसऱ्या टोकाला म्हातारपण आहे. चंद्रपूरसारख्या कोळशाच्या आणि वीजकेंद्राच्या शहरातही मुले पुण्याला किंवा परदेशात आणि आई-वडील इथे, अशी घरे वाढली आहेत. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या वडिलांसाठी ब्यूरोकडून बाई किंवा ब्रदर आणला जातो. नर्सची नोंदणी परिषदेकडे असते. परंतु घरी येणारी बहुतेक माणसे नर्स नसतात. त्यांनी कोठे शिकले, लघवीची नळी बदलायची त्यांना परवानगी आहे का, पाठीला जखम झाली तर ती कोणी आणि केव्हा पाहिली, हे विचारले तर ब्यूरोवाले दर सांगतात आणि आधार कार्डाची प्रत दाखवतात. त्या बाई-माणसांचा यात दोष थोडा. बारा तासांच्या पाळीत त्यांना कोणी शिकवत नाही, कोणी तपासत नाही आणि काही बिघडले तर सगळे खापर मात्र त्यांच्यावर फुटते.

अशा घरात मोठे प्रमाणपत्र मागण्याआधी गडचिरोलीच्या गावांतून आलेले साधे प्रश्न विचारता येतात. या व्यक्तीला काय करता येते आणि काय करायची मनाई आहे, ते लिहून दिले आहे का? रोज काय पाहिले ते ती कोठे लिहिते? कोणती खूण दिसली की तिने थांबायचे आणि डॉक्टरला बोलवायचे? तिचे लिहिलेले पंधरा दिवसांतून एकदा तरी कोण येऊन रुग्णाशी ताडून पाहतो? आणि ज्या संस्थेने तिला पाठवले त्या संस्थेच्या हातून गेल्या वर्षी किती माणसे गेली, किती जणांना जखमा झाल्या, हे ती संस्था स्वतः मोजते का?

यांतल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आज बहुधा कोणाकडेच नसते. पाचवी-सातवी शिकलेल्या आरोग्यदूतांकडे ते तीस वर्षांपूर्वी होते. त्यांच्या तक्त्यांत प्रत्येक बाळाचे जन्मवजन होते, प्रत्येक भेटीचा दिवस होता, आणि बाळ गेले असेल तर तो दिवस व ती वेळही होती. घरच्या शुश्रूषेसाठी महाराष्ट्रात कधी कायदा करायचा झाला तर त्याचा मसुदा लिहिणाऱ्यांनी शहरातल्या रुग्णालयांचे नियम चाळण्याआधी हे तक्ते मागवून घ्यावेत. ते फार दूर नाहीत. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या वाटेवर, सतरा किलोमीटरवर आहेत.